विसावं नाव

सराव शिबिर सोमवारी सुरू.
त्याआधीच कट्ट्यावर यादी फिरते आहे,
चहाच्या पावतीमागं लिहिलेली, खोडलेली,
पुन्हा लिहिलेली.
बंडातात्यांच्या यादीत तेवीस जण आहेत.
नोंदणी विसांचीच होते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

माझी यादी कुणी मागत नाही.
तालमीच्या मागच्या बोळात माझं मशीन.
अकरा वर्षं संघाचे शर्ट शिवते, नंबर लावते,
आणि दिवाळी सरली की पोरं एकेक करून येतात
माप द्यायला.
तोंड काहीही सांगतं. टेप सांगत नाही.

गोली सोहेल मुजावर : खांदा तोच,
दंड अर्ध्या इंचानं भरलाय.
दसऱ्यापासून मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतोय.
पक्का.
चौगुल्यांचा कैवल्य म्हणाला, चड्डी मांडीला तंग होते.
विचारलं, टेंबलाई चढतोस काय?
रोज पहाटे, म्हणाला, दोनदा.
पक्का.
राजवर्धनची कंबर दोन इंच सोडावी लागली.
सासुरवाडी कागलची, दर रविवारी जावई जेवायला.
तरीही पक्का. फ्री किक काय
पोटानं मारत नाहीत.

परदेशी दोन येणार म्हणतात.
त्यांची मापं फोनवर आलीत, सेंटिमीटरमध्ये,
मी इंच करताना दोनदा चुकले
आणि एक माणूस सात फुटांचा निघाला.

हर्षदचं माप माझ्या वहीत नाही.
तो आलाच नाही यंदा.
पलीकडच्या पेठेत, दुसऱ्या टेलरच्या दारात
त्याची लाल गाडी उभी होती,
भाजीवाली सांगून गेली, कोथिंबीर निवडता निवडता.
कट्ट्यावर अजून तो पहिल्या पाचात आहे,
त्याच्या नावावर पैजा लागल्यात,
मी आपली दोरा ओवत गप्प.

असे एकोणीस झाले.

विसाव्याला दोघं.
दिग्विजय साळोखे रात्री साडेनऊला आला,
शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, वाकून.
म्हणाला, "वैनी, मागच्याच मापानं शिवा.
टेप राहू दे."
मग स्टुलावर बसला, फायनलचं बोलला,
तीच फायनल, ज्यात त्यानं
गोललाइनवरनं डोक्यानं काढलेला बॉल
दर वर्षी जरा जोरात येतो.
उठताना त्यानं मशीनच्या फळीवर हात टेकला.
अख्खा भार.
सुई थरथरली, मी बघितलं नाही असं केलं.

दुसरा वडणग्याचा सुयोग, सतरा वर्षांचा,
अंगात मामाचा शर्ट.
छातीचं माप घेताना श्वास रोखून उभा,
सोड म्हटलं तरी सोडेना.
त्याच्या बाहीत मी दीड इंच शिलाई आत ठेवणार होते,
ही पोरं जानेवारीपर्यंत थांबत नाहीत.
जाताना हळूच विचारलं त्यानं,
"काकू, माप घेतलं म्हणजे निवड झाली काय?"

नाही रे बाळा.
माप मी सगळ्यांचंच घेते.

काल रात्री यादी पूर्ण केली,
घडी घालून बॉबिनच्या डब्यात टाकली,
तिथंच मागच्या दहा याद्या आहेत.
दोनदा वीसच्या वीस बरोबर आल्या होत्या.
कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

विसावं नाव पोराचं लिहिलं.
लिहिताना हात थांबला नाही, हे खरं.
पण कापड एकाच शर्टाचं उरलं होतं
आणि कात्री घेतली तेव्हा
ती जुन्याच मापावरनं चालत गेली.

सैल होईल पोराला. खांद्यावरनं उतरेल.
होऊ दे एक वर्ष.

पाचचा आकडा कापून ठेवलाय.
इस्त्री गार आहे अजून.